रुपयाएवढे घराणे

सयाजीराव महाराजांचा चांदीचा रुपया तळहातावर घ्यावा, तर त्याचा व्यास जेमतेम तीन सेंटिमीटर. आणि त्या एवढ्याशा वर्तुळात उजवीकडे पाहणारी एक रेखीव मुद्रा, डोईवर पगडी आणि कडेने फिरत गेलेली ठसठशीत नागरी अक्षरे : ‘श्री सयाजीराव म. गायकवाड’. संवत १९४८ च्या, म्हणजे इ. स. १८९१-९२ च्या सुमारास बडोद्याच्या टांकसाळीत यंत्रावर ही नाणी पडू लागली, तेव्हा महाराज तिशीच्या उंबरठ्यावर होते. लघुचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बारीक कुंचला आणि सोन्याचा वर्ख उभा राहतो. मला मात्र बडोद्याचे खरे लघुव्यक्तिचित्र हेच वाटते, कारण ते राजवाड्यात लटकले नाही, मांडवीच्या बाजारात हातोहात फिरले.

त्याआधी दहा वर्षे, १८८१ च्या अखेरीस महाराजांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सुमारास राजा रविवर्मा बडोद्यात आले होते आणि त्यांच्या कुंचल्याला रेशमाची झळाळी, मोत्यांचे पाणी, त्वचेची उष्णता असे सारे वैभव मोकळे होते. ठसा कोरणाऱ्या कारागिराजवळ उंची आणि खोली एवढीच सामग्री. म्हणून आपण हे नाणे जरासे कलते धरावे : प्रकाश घसरत येतो, गालाच्या उंचवट्यावर थबकतो, पगडीच्या घड्यांत सावली साचते आणि रंगाचा थेंबही नसताना चेहरा सजीव होतो. वापरलेल्या नाण्यात सगळ्यांत आधी झिजतो तो हाच उंच भाग. शेकडो अंगठे त्यावरून गेलेले असतात.

आता अक्षरे वाचू, आणि शेवटच्या शब्दापासून मागे येऊ. ‘गायकवाड’ हे आडनाव इथे पूर्ण, ऐसपैस उमटले आहे. त्याआधीच्या जुन्या, हातोड्याने पाडलेल्या रुपयांवर फारसी मजकूर असे, हिजरी सन असे, दीर्घकाळ मुघल बादशहाचे नावही असे. आणि त्या गर्दीत कुठेतरी राजाच्या नावाचे आद्याक्षर आणि त्याच्या जोडीला नागरीतला एक ‘गा’. ‘ख’ आणि ‘गा’ म्हणजे खंडेराव. ‘म’ आणि ‘गा’ म्हणजे मल्हारराव. दोन अक्षरे शेजारी ठेवली तर सख्खे भाऊ दिसतात, पण त्यांच्यामध्ये पादरा इथला तुरुंगवास आहे : थोरल्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून कोंडलेला धाकटा १८७० मध्ये खंडेराव निवर्तल्यावर थेट गादीवर आला, आणि १८७५ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केले. तेव्हा खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. २७ मे १८७५ रोजी काशीरावांचा गोपाळ सयाजीराव झाला. नाण्यावरच्या ‘सयाजीराव’ आणि ‘गायकवाड’ या दोन नावांत एका ‘म.’पुरती जागा आहे; कवळाण्याची शेतेभाते, जमनाबाईंची निवड, एका मुलाचे मागे राहिलेले नाव असे सगळे त्या जागेत मावलेले मला दिसते.

नाणे उलटावे. पानाफुलांच्या माळेत ‘एक रुपया’, संवताचा आकडा आणि खाली एक बाकदार तलवार. माळ त्या काळच्या कितीतरी यंत्रनाण्यांवर सापडेल, तिच्यापाशी फार रेंगाळायला नको. तलवारीपाशी मात्र थांबलेच पाहिजे. १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत पहिल्या दमाजींनी जो पराक्रम केला, त्याबद्दल छत्रपती शाहूंकडून ‘समशेर बहादूर’ हा किताब घराण्यात आला. पुढे पिलाजी, डाकोरला झालेला त्यांचा खून, दुसऱ्या दमाजींनी मिळवलेले बडोदे असा सगळा प्रपंच त्या पात्याच्या वळणामागे उभा आहे. आणि संवत कोणता, तर विक्रम! दख्खनेतून शक घेऊन आलेले हे मराठी घराणे आपल्या रुपयावर गुजरातच्या वहीखात्यातला संवत लिहिते, आणि तोही अशा लिपीत की मराठी कारकुनाला आणि गुजराती व्यापाऱ्याला ती सारख्याच सहजतेने उमगावी. दीडशे वर्षांच्या वास्तव्याचा इतका सुरेख दाखला मी दुसरा पाहिलेला नाही.

व्हिक्टोरिया राणीचा रुपया याच्याजवळ ठेवला तर आणखी एक गंमत दिसते : राणी डावीकडे पाहते, महाराज उजवीकडे. १९११ च्या दिल्ली दरबारात महाराजांनी ब्रिटिश बादशहाकडे पाठ फिरवल्याचा जो गाजावाजा झाला, त्याची चाहूल इथे शोधण्याचा मोह होतो. पण ठशाला त्याचे ऋण नाही. दोन्ही नाणी जागा बदलून ठेवली की दोघे एकमेकांकडे रोखून पाहतात, एवढेच खरे.

१९०१ मध्ये बडोद्याचे बाबाशाई चलन जाऊन ब्रिटिश कलदार रुपया आला. बरीचशी चांदी आटली असेल. जी उरली ती लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात गेली, किंवा कडी लावून गळ्यात. कडी जोडल्याच्या डागाची खूण असलेले नाणे संग्राहकांना नको असते. मला तेच अधिक हवेसे वाटते, आणि आपणही ती खूण नीट न्याहाळावी : कडी पगडीच्या बरोबर वर बसवलेली असेल, तर त्या घरातल्या कुणीतरी सोनाराला बजावले असणार की महाराज तिरपे लोंबता कामा नयेत.