करुणेचे शिक्षण आणि शुश्रूषेचा विनय

रुग्णसेवकांच्या क्लांतीवर करुणा व स्मृती यांचे शिक्षण हा उपाय म्हणून सुचविण्याची प्रथा गेल्या दोन-तीन दशकांत रूढ झाली आहे. हे शिक्षण ज्या पाली परंपरेचा आधार सांगते, त्या परंपरेच्याच कसोटीवर ते तपासून पाहावे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

हा प्रश्न केवळ संज्ञांचा नाही. ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडील कोपरीतल्या सामान्य कुटुंबाला मोठ्या दुखण्यात ज्या सार्वजनिक रुग्णालयांकडे पाहावे लागते, त्यांपैकी एक खाडीपलीकडे कळव्यास आहे. महानगरपालिकेच्या त्या ५०० खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांच्या आत १८ रुग्ण दगावले. जिल्हा रुग्णालयाच्या पुनर्बांधणीमुळे रुग्णांचा ओघ कळव्याकडे वळला होता, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्या मृत्यूंची कारणे ठरविणे हे आमचे काम नव्हे. परंतु इतक्या गर्दीच्या कक्षात उभ्या असलेल्या परिचारिकेला करुणा शिकवावयाची म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

‘बर्नआउट’ ही संज्ञा हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखाने प्रचारात आणली. क्रिस्टिना मॅस्लाक यांनी पुढे तिची तीन अंगे वेगळी केली: भावना आटून जाणे, समोरच्या माणसाकडे वस्तूप्रमाणे पाहू लागणे आणि आपल्या हातून काही साधत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात या अवस्थेची गणना रोगांत केलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून तिची नोंद केली आहे. म्हणजे तिचे कारण प्रथम कामाच्या ठिकाणी शोधले पाहिजे.

शिक्षणाची बाजू अशी. जॉन कबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो वर्ग सुरू केला, तो रुग्णांसाठी होता. पुढे त्याच धर्तीचे वर्ग वैद्यांसाठीही निघाले. रॉचेस्टर येथे ७० वैद्यांना दिलेल्या अशा शिक्षणाचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्लांती कमी झाल्याचे दिसते. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या समालोचनात सर्व प्रकारचे उपाय एकत्र धरता क्लांत वैद्यांचे प्रमाण शेकडा ५४ वरून ४४ वर आलेले आढळते. व्यक्तीला शिकविणे आणि कामाची रचना बदलणे, या दोहोंचाही उपयोग दिसला. पुढील वर्षीच्या दुसऱ्या एका समालोचनात रचना बदलण्याचा परिणाम अधिक ठरला. तेव्हा हे शिक्षण निष्फळ आहे असे म्हणता येत नाही, आणि ते पुरेसे आहे असेही म्हणता येत नाही.

त्याचे खरे बळ कोठे आहे, हे बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथावरून कळते. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी संपादनास हातभार लावलेली त्याची हार्वर्ड आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये निघाली. बुद्धघोषाच्या मते करुणेला दोन शत्रू आहेत. क्रौर्य हा दूरचा शत्रू. तो ओळखू येतो. शोक हा जवळचा शत्रू. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवितो. रुग्णाच्या दुःखात बुडून जाणे ही करुणा नव्हे. तेथे करुणा विफल झालेली असते. ओल्गा क्लिमेकी व टानिया सिंगर यांच्या अलीकडील प्रयोगांतही परदुःखाशी केवळ समरस होण्याच्या सरावाने मन खिन्न झाले, तर करुणेच्या सरावाने ते सावरले. एवढा विवेक परिचारिकेच्या हाती देता आला, तर ते शिक्षण सार्थ होय.

परंतु आधुनिक शिक्षकांनी परंपरेतून सुत्त घेतले आणि विनय मागे ठेविला, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. बुद्धाने आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले आणि मग भिक्षुसंघाला बोलाविले. येथे करुणेवर प्रवचन देऊन भागले असते. पण तेथे नियम घालून दिला गेला. रुग्णाची शुश्रूषा प्रथम कोणी करावी, तो नसल्यास कोणी, आणि कोणीच नसल्यास संघाने ती करावी. न केल्यास दोष लागेल. उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण तेथे सांगितले आहेत. तसेच ज्याची शुश्रूषा करणे कठीण जाते, अशा रुग्णाची पाच लक्षणेही दिली आहेत. सेवा ही जड असते हे त्या ग्रंथाने मान्य केले, आणि तिचा भार अखेरीस संघावर ठेविला.

महाराष्ट्रात याचा पडताळा परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मिळतो. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर अरुणा शानबाग १८ मे २०१५ पर्यंत तेथे होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निर्णयात तेथील परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. ही सुमारे बेचाळीस वर्षांची करुणा कोणा एकीच्या अंतःकरणात मावणारी नव्हती. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पाळीवर येई. म्हणूनच ती टिकली. अर्थात, एका रुग्णाच्या बाबतीत जे साधले ते शेकडोंच्या बाबतीत केवळ सद्भावनेने साधेल, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही.

म्हणून या शिक्षणाच्या परीक्षणात पुढील प्रश्न आधी विचारला पाहिजे: ज्या संस्थेने वर्ग भरविला, तिने पाळीवरची माणसे वाढविली काय, आणि वर्गाचा वेळ कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीतून कापला की कामातून मोकळा करून दिला? उत्तर नकारार्थी असेल तर करुणेचे शिक्षण थकलेल्या माणसावर नवा आरोप ठरते. तो थकला याचे कारण त्याच्या मनाची उणीव, असे त्याला कळत नकळत सांगितले जाते. सेवकाला करुणा शिकविण्याचा अधिकार आधी संस्थेने स्वतः ती पाळून मिळवावयाचा असतो.