माओ, माणूस आणि जन्माचा शिक्का

आपल्या चळवळीच्या वाङ्मयात माओ त्से-तुंग हे नाव एकतर आरतीसारखे आले, नाहीतर शिवीसारखे. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रियाही घेतल्या. राजा ढाले यांना त्यात कम्युनिस्टांचा हात दिसला, नामदेव ढसाळांना चळवळीचा विस्तार दिसला. १९७४ मध्ये पँथर फुटली. भांडण नावावर झाले, मजकुरावर फार थोडे. म्हणूनच नागसेनवनात विद्यार्थी अजून विचारतात, सर, माओ आपला की परका?

हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. माओचा १९२७ चा हूनान अहवाल जरूर वाचावा. ३२ दिवस पाच तालुके फिरून त्याने शेतकऱ्याच्या गळ्यातले दोर मोजले : राजसत्ता, कुळसत्ता, देवसत्ता आणि बाईच्या गळ्यात चौथा, नवऱ्याच्या सत्तेचा. (आपले किती समीक्षक एवढे गाव हिंडले आहेत?) त्या दोरांत जात नाही, हा माओचा दोष नव्हे. दोष तो अहवाल जसाच्या तसा मराठवाड्यावर पांघरणाऱ्यांचा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्याखेड्यांत आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना ठार केले गेले. पेटवणारे सगळेच जमीनदार नव्हते. वर्गाच्या तक्त्यात आपला मित्र म्हणून नोंदलेला अल्पभूधारकही काडी घेऊन आला होता. आणि जमिनीचा प्रश्न शिकायला आपल्याला हूनानला जावे लागले नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ मध्येच उभा केला होता.

आता माओच्या राज्याकडे पाहू. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. ज्या साहित्याने मराठीला भूक म्हणजे काय ते सांगितले, त्याने हा आकडा मुकाट गिळायचा?

पण आंबेडकरी वाचकाने थांबावे ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. जमीनवाटपाच्या वेळी चीनमध्ये प्रत्येक कुटुंबावर वर्गाचा शिक्का बसला : जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम, गरीब. जमीनदाराची जमीन गेली, शिक्का राहिला. तो बापाकडून पोराकडे आला. शाळाप्रवेश, नोकरी, लग्न, सगळे त्यावर ठरू लागले. ज्याने वीतभर जमीन कधी पाहिली नाही तो मुलगा जन्माने जमीनदार! १९६६ च्या सांस्कृतिक क्रांतीत बापाच्या रक्तावरून क्रांतिकारक ठरवणारी टोळकी निघाली. ती घोषणा माओने रचली नसेल, पण शिक्क्यांची व्यवस्था त्याच्याच राज्यातली होती. यू लुओके नावाच्या पेकिंगच्या तरुणाने याविरुद्ध निबंध लिहिला. ५ मार्च १९७० रोजी त्याला गोळी घातली गेली. वय २७. शिक्के काढायला सुरुवात झाली ती १९७९ मध्ये, माओ गेल्यावर. १९८१ मध्ये पक्षाने ठराव करून माओचे कर्तृत्व मुख्य आणि चुका दुय्यम असा हिशेब मिटवला. तो हिशेब त्या पक्षाचा आहे, आपल्यावर बंधनकारक नाही.

बाबासाहेबांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत माओच्या पंचशीलावरील श्रद्धेबद्दल शंका घेतली होती. पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला त्यांनी हिंसा आणि हुकूमशाहीच्या मार्गासमोर बुद्धाचा मनपरिवर्तनाचा मार्ग ठेवला. या भूमिकेला 'बूर्झ्वा लोकशाहीवाद' म्हणून हिणवणाऱ्या पोथीनिष्ठांनी यू लुओकेला काय म्हणायचे ते सांगावे. तोही समाजवादाच्याच भाषेत बोलत होता.

त्याचा निबंध आपल्या तरुणांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' शेजारी ठेवून वाचावा. त्याच्या शीर्षकातला शब्द घराणे, जन्मकुळ अशा अर्थाचा आहे. मराठीत आणताना तिथे 'वर्ग' लिहायचे की 'जात', यावर एकदा जाहीर वाद होऊ द्या.