‘फूड, इन्क.’ : तक्रार खरी, पुरावा अपुरा

रॉबर्ट केनर यांचा ‘फूड, इन्क.’ हा अमेरिकी माहितीपट २००८ सालचा. २०१० मध्ये त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. एरिक श्लॉसर व मायकेल पोलन हे दोन लेखक त्यात प्रेक्षकांशी बोलतात. दुकानात स्वच्छ वेष्टनात मिळणाऱ्या अन्नामागचा कारखाना दाखवणे हा त्याचा हेतू आहे. कत्तलखान्यातील दृश्ये असल्यामुळे तो वरच्या वर्गांनाच दाखवावा, आणि त्याआधी शिक्षकांनी तो चिकित्सक नजरेने पाहावा.

कोंबड्यांचा भाग सर्वांत परिणामकारक आहे. पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा निम्म्या काळात आजची कोंबडी दुप्पट मोठी होते, असे चित्रपट सांगतो. तिचे मांस भराभर वाढते, हाडे मात्र मागे पडतात. मग ती चार पावले टाकून खाली बसते. पिल्ले व खाद्य कंपनीचे, शेड आणि कर्ज शेतकऱ्याचे. दोन शेड असलेल्या शेतकऱ्यावर ५ लाख डॉलरहून अधिक कर्ज असते आणि वर्षाची मिळकत सुमारे १८ हजार डॉलर, हा चित्रपटातील आकडा. आपल्याकडेही ब्रॉयलर कोंबड्या करारावर वाढवल्या जातात, त्यामुळे हा भाग परका वाटणार नाही. पुढे उत्तर कॅरोलायनातील डुकरांच्या कत्तलखान्यातले कामगार भेटतात. प्राणी, शेतकरी आणि कामगार यांनी सोसलेले नुकसान मालाच्या किमतीत कोठेच दिसत नाही, ही गोष्ट चित्रपट उत्तम रीतीने पटवतो.

ग्राहकाचे काय? २००१ साली अडीच वर्षांचा एक मुलगा हॅम्बर्गर खाल्ल्यानंतर आजारी पडला आणि बारा दिवसांत दगावला. त्याची आई हे सांगते तेव्हा कोणाचेही मन हेलावेल. कारण होते ई. कोलाय जिवाणूचा ओ१५७:एच७ हा प्रकार. गुरांच्या आतड्यात तो त्यांना आजारी न पाडता राहतो. माणसात मात्र त्याचे विष मूत्रपिंड निकामी करू शकते. कापताना शेणाचा संसर्ग मांसाला होतो, आणि अनेक जनावरांच्या मांसाचा खिमा एकत्र केला की एका जनावराचा संसर्ग मोठ्या साठ्यात पसरतो. येथवरचे विवेचन बिनचूक आहे.

यापुढे चित्रपट घसरतो. गुरांना मका खाऊ घातल्याने हा जिवाणू फोफावतो आणि पाच दिवस गवत दिले तर आतड्यातील ८० टक्के ई. कोलाय नाहीसे होतील, असे पोलन ठामपणे सांगतात. या कल्पनेचा मुख्य आधार म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांचा १९९८ चा शोधनिबंध. पण आहारबदलाच्या त्या प्रयोगात मोजले गेले ते सर्वसाधारण ई. कोलाय, ओ१५७:एच७ नव्हे. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर वाळलेल्या गवतावरच्या गुरांच्या शेणात ओ१५७:एच७ अधिक दिवस टिकून राहिला. पालकात हे जंतू आले ते पशुकारखान्यांच्या सांडपाण्यामुळे, असेही चित्रपट म्हणतो. २००६ साली अमेरिकेत दूषित पालकामुळे सुमारे दोनशे लोक आजारी पडले व तिघे दगावले. तपासात तोच वाण कॅलिफोर्नियातील एका कुरणावर, चरणाऱ्या गुरांच्या शेणात आणि रानडुकरांच्या विष्ठेत सापडला.

ही केवळ तपशिलाची चूक आहे का? मला तसे वाटत नाही. गवतावरचे मांस आपोआप निर्धोक असते असे मानणारी आई खिमा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याची काळजी घेणार नाही. आणि कारखान्यांचे समर्थक या एका चुकीच्या आधारे सगळी तक्रार झटकून टाकतील.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दल आहे. आपण दिवसातून तीन वेळा काय खातो यातून ही व्यवस्था बदलेल, असा संदेश चित्रपट देतो. परंतु भाजीपेक्षा बर्गर स्वस्त पडतो म्हणून तोच घेणारे कुटुंब याच चित्रपटात आपण पाहिलेले असते. त्यांनी कोणती निवड करावी? त्या मुलाच्या आईची मागणी अधिक नेमकी होती : वारंवार दूषित मांस पुरवणारा कारखाना बंद करण्याचा अधिकार सरकारला हवा. २०११ मध्ये अमेरिकेत अन्नसुरक्षेचा मोठा कायदा झाला, पण तो अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीतील पदार्थांसाठी आहे. मांसाची तपासणी कृषी खात्याकडे असते.

तरीही चित्रपट वर्गात जरूर दाखवावा. नंतर विद्यार्थ्यांना तीन रकाने आखायला सांगावेत : डोळ्यांनी दिसले ते, कोणी तरी सांगितले ते, आणि प्रयोगाने सिद्ध झाले ते. चित्रपटातील प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात जाते यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.