नको म्हणणाऱ्या माणसाचे पत्र

जॉर्ज वॉशिंग्टनला लेखक म्हणून कुणी फारसे नावाजत नाही. वाक्ये लांब, भाषा सरकारी खलित्याची. तरीही १ एप्रिल १७८९ रोजी त्याने हेन्री नॉक्स या युद्धातल्या जुन्या सोबत्याला लिहिलेले पत्र मला एखाद्या चांगल्या कादंबरीतल्या प्रकरणासारखे वाटते.

प्रसंग असा. नव्या राज्यघटनेप्रमाणे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष कोण होणार, हे बहुतेकांना कळून चुकले होते. परंतु ४ मार्चला भरायची काँग्रेस गणसंख्येअभावी खोळंबली होती, आणि मतमोजणीही. दुसऱ्या कुणाचा जीव टांगणीला लागला असता. वॉशिंग्टनला मात्र हा विलंब शिक्षा तहकूब झाल्यासारखा वाटतो. अध्यक्षाच्या खुर्चीकडे जाताना आपले मन वधस्थानी निघालेल्या अपराध्यासारखे असेल, असे तो लिहितो.

उपमा भडक आहे, कबूल. पण तिला जोडून तो जे म्हणतो ते अधिक मोलाचे : हे तुला खाजगीत सांगतो आहे, जगाला ते फारसे पटणार नाही. आपली अनिच्छा ढोंगासारखी दिसणार, हे त्याला पुरते ठाऊक होते!

आणि संशयाला जागा आहेच. १७७५ साली फिलाडेल्फियाच्या काँग्रेसला हाच गृहस्थ लष्करी गणवेशात येत असे, आणि सरसेनापतिपद मिळताच आपण त्या योग्यतेचे नाही, असेही म्हणाला. नको होते तर गणवेश कशाला? शिवाय युद्ध चालू असतानाच आपल्या कागदपत्रांच्या नकला करवून घेणारा हा माणूस. येथे भाविक हात जोडतो आणि चिकित्सक नाटक म्हणून मोकळा होतो. मला दोघांचीही घाई वाटते.

त्याला पदाचा लोभ नव्हता, लौकिकाचा होता. १७८३ च्या डिसेंबरात अ‍ॅनापोलिसला सेनापतिपद परत करून तो माउंट व्हर्ननला गेला, तेव्हा तो लौकिक शिखरावर होता. पुन्हा राज्यकारभारात पडणे म्हणजे ती ठेव जुगाराला लावणे. म्हणून पत्रात नम्रतेपेक्षा हिशेब अधिक आहे : उतरते वय, राजकारणाचे अपुरे कसब, घरची शांतता. (त्या शांततेसाठी गुलाम राबत होते, हे पत्रात नाही.) सचोटी आणि खंबीरपणा, एवढ्याच दोन गोष्टींचे वचन तो देतो.

हातात रोख पैसाही नव्हता. देणी भागवायला आणि न्यूयॉर्कच्या प्रवासाला त्याने अलेक्झांड्रियाच्या रिचर्ड कॉनवेकडे कर्ज मागितले. १४ एप्रिलला निवडीची वार्ता आली. ६९ निर्वाचकांपैकी प्रत्येकाने त्याला मत दिले होते. १६ तारखेला तो घरून निघाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत नोंद आहे ती मनावरच्या ओझ्याची.