जॉर्जटाउन विद्यापीठाची मुद्रा : प्रतीकार्थ आणि त्याची मर्यादा

जॉन कॅरल यांनी १७८९ मध्ये स्थापन केलेले जॉर्जटाउन हे अमेरिकेतील सर्वांत जुने जेझुइट विद्यापीठ होय. त्याच्या मुद्रेवर पंख पसरलेला गरुड आहे. १७८२ च्या अमेरिकी राष्ट्रमुद्रेशी असलेले तिचे नाते उघड आहे. परंतु तेथील ऑलिव्हची डहाळी आणि बाण यांच्या जागी येथे गरुडाच्या नखांत क्रूस आणि कर्कटकासह पृथ्वीगोल दिला आहे. माथ्यावर लायर हे तंतुवाद्य आणि सोळा तारे आहेत. सोळावे राज्य टेनेसी १७९६ मध्ये व सतरावे ओहायो १८०३ मध्ये संघराज्यात आले, यावरून या रचनेचा काळ ठरतो. ‘मेरीलँडमधील पोटोमॅकच्या तीरावर’ हा मुद्रेवरील लॅटिन निर्देशही त्याच काळाचा. १८०१ पासून जॉर्जटाउनचा कारभार संघीय जिल्ह्याकडे गेला, मुद्रा मात्र मेरीलँडमध्येच राहिली.

जेझुइट संस्थांच्या मुद्रांवर सहसा आढळणारे किरणांकित ‘आयएचएस’ हे येशुनामचिन्ह येथे नाही, ही बाब अधिक बोलकी आहे. १७७३ ते १८१४ या काळात येशूसंघ पोपच्या आज्ञेने विसर्जित होता. ज्या संघाला अस्तित्वच नव्हते, त्याचे चिन्ह मुद्रेवर येणार कसे? ती जागा राष्ट्राच्या गरुडाने घेतली.

‘उत्राक्वे उनुम’, म्हणजे ‘दोन्ही एक’, हे ब्रीद गरुडाच्या चोचीतील फितीवर आहे. क्रूस म्हणजे श्रद्धा, गोल म्हणजे विद्या, आणि ब्रीद म्हणजे त्यांचा समन्वय, असा अर्थ सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण सोयीचा आहे. हे शब्द संत पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्रातील (२:१४) आहेत आणि तेथे विषय यहूदी व यहूदीतर या दोन जनसमूहांचा आहे. त्यांच्यामधील भिंत पाडल्याचे तेथे म्हटले आहे. लॅटिन पाठात ‘उत्राक्वे’ हे नपुंसकलिंगी रूप असल्याने ते ज्ञानशाखांना सहज लावता येते. पुढच्याच ओवीत मात्र रूप पुल्लिंगी होते आणि दोघांमधून एक नवा मनुष्य घडविण्याची भाषा येते. मुद्रेने नेमकी अलीकडची ओळ उचलली आहे.

या निवडीची कसोटी १८३८ मध्ये लागली. मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. रकमेचा काही भाग महाविद्यालयाच्या कर्जफेडीकडे वळला. विकल्या गेलेल्यांपैकी अनेकजण बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक होते. म्हणजे श्रद्धा एक होती, भिंत मात्र उभीच होती. श्रद्धा आणि विद्या यांच्या समन्वयात या व्यवहाराने कोणताही तर्कदोष निर्माण होत नाही. ‘दोन्ही’ म्हणजे माणसे, असा अर्थ घेताच तो निर्माण होतो. २०१७ मध्ये विद्यापीठाने वंशजांची जाहीर क्षमा मागितली आणि विक्रीच्या यादीत पहिले नाव असलेल्या आयझॅक हॉकिन्स यांचे नाव एका इमारतीस दिले. ती इमारत पूर्वी विक्री घडवून आणणाऱ्या थॉमस मुलेडी यांच्या नावाने ओळखली जात होती.