एका वारीतून महाराष्ट्र

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहात ‘वाटचाल’ नावाचा लेख आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालताना बाईंनी जे पाहिले, ऐकले, ते त्यात आहे. प्रश्नावली नाही, तक्ते नाहीत. तरीही त्या अख्ख्या महाराष्ट्राची व्याख्या करतात: ज्या भूमीतले लोक पंढरीच्या वारीला जातात, तो महाराष्ट्र. एका वाटेवरून एवढे मोठे विधान! ते डळमळत का नाही, हे पाहण्यातच या लेखाचा खरा रस आहे.

पुणे, जुन्नर, साताऱ्याबरोबर मोगलाईतून आलेल्या वारकऱ्यांचीही बाई नोंद घेतात. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, नांदेड-लातूर त्यातलेच. लेख पुस्तकात आला तेव्हा ती राजवट जाऊन वर्षही उलटले नव्हते किंवा जेमतेम उलटले होते, आणि महाराष्ट्र राज्य व्हायला अकरा वर्षे बाकी होती. सरकारी नकाशात जे एकत्र नव्हते, ते बाईंना रस्त्यावर एकत्र अभंग म्हणताना दिसले.

पण त्या एवढ्यावर थांबत नाहीत, आणि मला थोर वाटते ते हेच. एकाच पालखीतल्या ब्राह्मण आणि मराठा दिंड्या वेगळ्या चालतात, वेगळ्या जेवतात, हे त्या लपवत नाहीत. मराठा बायकांच्या पंगतीला त्या बसतात, मग बायका जवळ येतात, ‘ताई’ म्हणू लागतात. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असे काहीजणी म्हणतात, तेव्हा एक तरुण मुलगी विचारते, तिथेही आमच्याशी अशाच वागाल का? एका मुलीचा एक प्रश्न. शंभर उत्तरांच्या बेरजेतून तो मिळाला नसता, आणि गावोगावच्या जातिव्यवहाराबद्दल तो जे सांगतो, ते त्या दिंडीपुरते उरत नाही. व्याख्येला छेद देणारा पुरावा बाई व्याख्येशेजारीच ठेवतात, म्हणून ती विश्वासाची वाटते.

म्हणूनच ती व्याख्या इकडे, नांदेड-लातूरकडे, आणून तपासता येते. लातूरकडे ती चपखल बसते: तिथल्या औसेकर महाराजांच्या परंपरेचे चक्रीभजन पंढरपुरात होतेच. नांदेडला ती तोकडी पडते. सचखंड गुरुद्वाऱ्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी बोलणारे शीख, कंधारच्या दर्ग्याला जाणारी कुटुंबे, माहूरच्या रेणुकेशिवाय दुसरे दैवत न जाणणारी घरे, ही सगळी महाराष्ट्राचीच माणसे. म्हणून आता कोणीतरी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उतरावे, आणि कोणाचे पाल कोणाशेजारी पडते, कोण कोणाच्या हातचे खाते, हे बाईंच्या नजरेने लिहून काढावे.