निळ्या अंधारातला लाकडी पूल

जेम्स व्हिसलरच्या ‘नॉक्टर्न : ब्लू अँड गोल्ड – ओल्ड बॅटरसी ब्रिज’ या चित्रात पूल जेमतेम तुकडाभर दिसतो. एक खांब, वर आडव्या वाटेची काळसर पट्टी, बाकी निळा-हिरवट अंधार. खांबाच्या पायथ्याशी नाव आणि तिच्यावर उभा नावाडी. पट्टीवर माणसांचे धूसर ठिपके. खांब मुद्दाम ताणलाय. थेम्सवरचा खरा पूल १७७१-७२चा, लाकडी, ठेंगणा, गाळे इतके अरुंद की बोटवाले वैतागत.

गोवंडीहून लोकलने वाशीला जाताना मानखुर्द सुटलं की खाडीपूल लागतो. दारात उभं राहून पाणी, शेजारचा रस्त्याचा पूल, टॉवरांचे दिवे आपण पाहतो, ते सगळं वरून. व्हिसलर खाली, पाण्याच्या पातळीला बसलाय. चेल्सीचे नावाडी ग्रीव्ह्ज बंधू त्याला रात्री नदीवर न्यायचे. दृश्य तो डोळ्यांत साठवायचा आणि रंगवायचा स्टुडिओत, आठवणीतून. चित्रात तपशील गळलेत ते त्यामुळे. आठवण विटा मोजत बसत नाही.

रंगही पाण्यासारखा पातळ. ब्रशचा फटका शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही, आणि म्हणूनच आकाशात सांडलेले सोनेरी ठिपके एवढे जड वाटतात. ही आतषबाजी. बाकी चित्र गप्प असताना तेवढीच बोलते. दूरवर अल्बर्ट पुलाचे दिवे आहेत. तो पूल १८७३चा, तेव्हा नवाकोरा. जुन्या खांबाआड नव्याचे दिवे मिणमिणवणं ही चित्रकाराची चलाखी, पण ती मिरवलेली नाही. उंच खांब आणि अर्धवट कापलेला पूल ही हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांकडून घेतलेली उधारी. घेतली ती पचवून, हे महत्त्वाचं.

व्हिसलरने समीक्षक रस्किनवर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा १८७८मध्ये सुनावणीला आला. वादाचं मूळ दुसऱ्याच चित्रात होतं, पण हेही कोर्टात आलं. पुलावरच्या आकृती म्हणजे माणसं आहेत का, असं विचारलं गेलं. तुम्हाला वाटेल ते समजा, असं त्याचं उत्तर. दावा जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! खर्चाने दिवाळं वाजलं ते वेगळंच.

चित्र अपुरं आहे, हा तेव्हाचा आक्षेप मला आजही पटत नाही. आणखी एक खांब काढला असता तर पुलाची माहिती वाढली असती, रात्र मात्र विरली असती.

पूल १८८५मध्ये पाडला. पुण्याच्या लकडी पुलाचं निदान नाव तरी लाकडी उरलंय. चित्र १९०५मध्ये वर्गणीतून विकत घेऊन राष्ट्राला दिलं गेलं; आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. उंची जेमतेम ६८ सेंटिमीटर. फोनवर उघडलंत तर एवढंच करा : स्क्रीनचा उजेड वाढवू नका.